हाताभोवतीचा रंग

हिरुजी बेठेकरांनी स्वतःचा हात खरवडायला परवानगी दिली, तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना तीनदा विचारून घेतलं.

"आबा, एकदा गेला की परत नाई यायचा."

"मले मालूम हाय, सुगरती. कर."

हात भिंतीवरचा होता. सातपुड्याच्या एका माथ्यावर सालईढाणा नावाची कोरकूंची एक्केचाळीस घरांची वस्ती आहे. वस्तीच्या वर अर्ध्या तासाच्या चढावर एक लांबट कपार आहे आणि तिच्या आतल्या भिंतीवर लाल रंगात हात उमटलेले आहेत. एके काळी ते शेकड्यांनी होते. पुढे रस्ता झाला, पाहुणे येऊ लागले. फोटोत रंग उठून दिसावा म्हणून कुणी भिंतीवर पाणी मारलं, कुणी रॉकेल. ओल्या दगडावर रंग क्षणभर खुलतो आणि कायमचा सैल होतो. आता, २०४६ साली, ओळखू येतील असे अकरा हात उरले होते. त्यातला एक हिरुजींचा होता. आजच्या शहात्तर वर्षांच्या हिरुजींचा नव्हे, पाच वर्षांच्या हिरुजीचा. हिरुजींनी आता आपला पंजा त्यावर ठेवला तर तो लहान हात पार झाकला जायचा.

सुगरतीने पातं लावलं. लाल भुकटी काचेच्या कुपीत पडू लागली. हिरुजी कपारीच्या तोंडाशी दरीकडे तोंड करून बसून राहिले. ते वस्तीचे भुमका, म्हणजे पुजारी होते. देवाला कोंबडं देताना त्यांनी कधी नजर वळवली नव्हती, पण आज पात्याचा आवाज थांबेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

तीन हात खरवडायचे होते. हिरुजींचा, त्यांच्या वडलांचा आणि त्यांच्या आजोबांचा. दुपारपर्यंत काम झालं आणि भिंतीवर आठ हात राहिले.

हे असं करायची पाळी का आली, ते आधी सांगायला हवं.

दिवसा सूर्यापासून एवढी वीज मिळू लागली होती की ती ठेवायची कुठे, हा प्रश्न झाला होता. त्यावरचा उपाय तसा सोपा आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक तळं करायचं आणि माथ्यावर दुसरं. दिवसा जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की ते खाली सोडून त्यावर वीज करायची. पाणी तेच, नुसतं वरखाली. खालचं तळं बारा वर्षांपूर्वी झालं होतं. त्यात जामपाटी नावाची वस्ती बुडाली. वरच्या तळ्यासाठी सालईढाण्याचा माथा निवडला होता.

सालईढाण्याकडे कागद नव्हते. पण मधल्या काळात एक नवा नियम झाला होता. एखाद्या ठिकाणच्या जुन्या रंगकामातून तिथल्या माणसांची वंशसाखळी सिद्ध झाली, तर ती जागा त्या वंशाची धरावी आणि तिला हात लावू नये. हा नियम एका यंत्रामुळे आला. ते यंत्र सुगरती स्वतः शहरातल्या प्रयोगशाळेत चालवत होती. प्रयोगशाळेत त्याला मोठं नाव होतं, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला थुंकीयंत्रच म्हणत.

या भिंतीवरचे हात कसे काढले जात, ते पाहा. डोंगरात पिवळी माती मिळते. तिच्यात लोखंडाचा एक अंश पाण्याशी बांधलेला असतो. ती माती गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजली की पाणी उडून जातं आणि पिवळ्याचा लाल होतो. एरवी ज्या मातीत हजार जीवजंतूंचे अंश असतात, ती भाजल्यामुळे पार स्वच्छ होते. मग ती वाटून धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि गुळणीसारखी तोंडात धरायची. भिंतीवर हात टेकवायचा आणि तोंडातला रंग त्यावर फुंकायचा. रंगाबरोबर थुंकी जाते, थुंकीबरोबर माणसाच्या पेशी. आपल्या प्रत्येक पेशीत आपल्या वंशाची खूण असते. लाल मातीतले लोखंडाचे कण ती खूण गोचिडीसारखी धरून ठेवतात. वरून वर्षानुवर्षं पाण्याबरोबर वाळूचा अंश झिरपतो आणि काचेसारखा पातळ पापुद्रा धरतो. आत खूण बंद. यंत्र ती उघडून वाचतं. बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी जाणारी खुणांची एक माळ असते, नियमाला तेवढीच हवी होती. सरकारी दप्तरात जमीन बापाच्या नावाने चालते, म्हणून.

अडचण एकच. खूण फार थोडी उरलेली असते, म्हणून एका हाताचा जवळजवळ सगळा रंग लागतो.

महिन्यापूर्वी वस्तीच्या बैठकीत हे सांगायची पाळी सुगरतीवर आली होती. ती छत्तीस वर्षांची. सालईढाण्यातून शिकून बाहेर पडलेली पहिली मुलगी. समोर म्हाताऱ्याकोताऱ्या, मांडीवर पोरं, आणि मध्ये तिचे आबा. कपार म्हणजे देवाची जागा. तिथल्या रंगात थुंकी शोधायची आहे, हे शब्द आबांसमोर तिच्या तोंडून निघेनात. तिने सोपं करून सांगितलं, "हे यंत्र हात वळखते. हात कोनाचा, त्याचा वंश कोनता, ते सांगते."

मोतीराम नावाचा म्हातारा मागून ओरडला, "पोरी, रेशनच्या मशीननं माहा हात वळखला नाई! अंगठा घासून गेला म्हने. तीन महिने गहू बंद. हे मशीन मेलेल्याईचे हात वळखते का?"

बैठक हसली. सुगरतीही हसली.

"तुहा अंगठा राहू दे काका. भिंतीवरचे हात कोनाचे हायेत तेवढं सांगा."

"आपले," चार जण एकदम म्हणाले.

हिरुजींनी सगळ्यांचं होऊ दिलं. मग म्हणाले, "हात आपलेच हायेत."

ते खरं होतं.

---

निकाल आला तेव्हा सुगरती यंत्रासमोर एकटी होती. तिला वाटलं, कुप्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील. तिने तिन्ही रंगांतून काढलेल्या अर्काचा राखून ठेवलेला थेंब पुन्हा वाचायला घातला. चार तासांनी तेच उत्तर आलं.

तिन्ही हातांच्या रंगात बेठेकरांची खूण नव्हती. आबांची ताजी थुंकी तिने स्वतः घेतली होती. तिच्याशी काहीच जुळत नव्हतं. मधल्या, म्हणजे आबांच्या वडलांच्या, हाताची खूण यंत्राच्या संग्रहात कुठेच सापडली नाही. पण आबांच्या आणि त्यांच्या आजोबांच्या हाताभोवतीचा रंग एकाच वंशाचा होता, आणि तो वंश यंत्राला ठाऊक होता. जामपाटीचे कास्देकर. आपल्या बुडालेल्या वस्तीचा दावा लढवण्यासाठी कास्देकरांच्या माणसांनी आपली थुंकी आधीच देऊन ठेवली होती.

संध्याकाळच्या गाडीने ती सालईढाण्याला पोहोचली आणि चप्पल न काढताच विचारलं, "आबा, तुमच्या हातावर रंग कोनं फुंकला?"

हिरुजींनी ताटातला हात थांबवला.

"ते नाई इचारत."

"आबा!"

"नाई इचारत म्हनलं ना."

शेवटी आईने सांगितलं. चुलीपुढे, जाळाकडे बघत, कुणाचं नाव न घेता. पोर पाच वर्षांचं झालं की ते जगलं असं धरायचं. त्याआधी किती जात, त्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. जगलेल्या पोराचा हात भिंतीवर काढायचा. पण फुंक बापाने घालायची नसते. फुंक मामाने घालायची. मामा आपल्या वस्तीतून उपाशी यायचा. तो फुंकत असताना सगळे दरीकडे तोंड करून उभे राहायचे. काम झालं की तो इथलं पाणीसुद्धा न पिता, मागे वळून न बघता निघून जायचा. कुणी फुंकलं ते पुढे कधी कुणी बोलायचं नाही, खुद्द त्यानेही नाही. बोललं की पोराचा श्वास ज्याच्या तोंडातून आला त्याच्याकडे परत जातो. चाळीस वर्षांपूर्वी जंगलाला फाटक लागलं, येणंजाणं तुटलं आणि रीतही संपली. सुगरतीचा हात भिंतीवर नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मंग तवाच सांगायचं ना, आबा! मी बैठकीत इचारलं तवा!"

हिरुजींनी ताट बाजूला सारलं. "तू म्हनली, मशीन हात वळखते. हात आमचे होते. थुंकीचं तू बोललीच नाई."

सुगरतीने आपला हात चुलीजवळच्या जमिनीवर टेकवून पाहिला. मग तिला आणखी एक गोष्ट कळली, जी तिने पहिल्याच दिवशी ओळखायला हवी होती. हात भिंतीला टेकवून रंग फुंकला की हाताखालचा दगड कोराच राहतो. रंग असतो तो सगळा हाताभोवती. भिंतीवरच्या हातात हाताचं असं काहीच नसतं. ज्याने फुंकलं त्याच्या रंगाने सोडलेली ती मोकळी जागा असते.

---

सुनावणीच्या अधिकारी पाचघरेबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सुगरतीचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा चष्मा पुसला.

"मॅडम, मामाची फुंक आहे म्हणजे भाचा इथलाच ना? परका माणूस आपल्या भाच्यासाठी इथे आला, यातच आम्ही इथले आहोत हे आलं."

"मला पटतं. नियमाला पटत नाही. निकाल लागल्यावर सांगितलेली रीत पुरावा म्हणून धरता येत नाही. उद्या कुणीही काहीही रीत सांगेल."

"मग आमची घरं?"

पाचघरेबाईंनी कागद उलटला. "सालईढाण्याच्या भिंतीवर तीनपैकी दोन हातांत कास्देकर वंश सिद्ध होतो. म्हणजे नियमाप्रमाणे ही जागा कास्देकरांची ठरते. त्यांच्यातल्या एकाने सात दिवसांत इथे येऊन दावा केला आणि माझ्यासमोर नळीत थुंकी दिली, तर माथा वाचेल. ते तुम्हाला राहू देतील की नाही, हा त्यांचा प्रश्न."

"ते देतील," सुगरती पटकन म्हणाली. "आमची आत्या त्यांच्यात दिलीय."

"थांबा. एका वंशाला एकच जागा. जामपाटीची पाण्याबाहेर उरलेली शेतं आणि स्मशान मिळावं म्हणून, जुन्या कागदांच्या आधारे, त्यांचा दावा बारा वर्षं चालू आहे. पुढच्या महिन्यात निकाल आहे, आणि माझ्या अंदाजाने तो त्यांच्या बाजूने लागेल." त्यांनी चष्मा काढला. "सालईढाणा मागितला तर जामपाटी सुटली."

---

नवी जामपाटी सपाटीवर होती. पत्र्याची सारखी घरं, सारखे अंतर, झाड नाही. पलीकडे मैलभर सौरपट्ट्या पसरलेल्या. फुलाय आत्याचा मुलगा लखन तिथे पट्ट्यांवरची धूळ धुण्याच्या कामावर होता. या पट्ट्यांचीच वीज उद्या सालईढाण्याच्या माथ्यावर पाणी चढवणार होती.

हिरुजी या वसाहतीत कधीच आले नव्हते. सुगरतीने त्यांना जवळजवळ ओढत आणलं होतं. दारातच फुलाय आत्या तांदूळ पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"आला का गा, भाऊ? बारा वर्सं लागली तुले उतार उतरायले."

"फुलाय..."

"बस. खाट हाय, सरकारनं देल्ली. तिले ढेकनंबी सरकारीच हायेत."

लखन आतून आला. बावन्न वर्षांचा, उन्हाने करपलेला. त्याने मामाच्या पाया पडून पाण्याचा पेला समोर ठेवला. हिरुजींनी तो खाटेजवळ जमिनीवर सरकवला. सुगरतीने निकाल, नियम, सात दिवस, सगळं सांगितलं. या वेळी तिने थुंकीला थुंकीच म्हटलं आणि काहीही गाळलं नाही. यात जामपाटी जाते, हेही नाही.

आत्याच्या सुपाचा आवाज थांबला.

"म्हंजे माह्या पोरानं आमची जामपाटी सोडायची, तुमचा ढाना वाचवायले."

"हो, आत्या."

"पानी आलं तवा मी लेकराबाळाईले घेऊन वर आलती. तुह्या बापाच्या दारात तीन दिस बसलती. भुमका बोलला, विहीर एक हाय, दोन वस्त्याईले पुरत नाई. इचार त्याले, बोलला का नाई?"

सुगरतीने वडलांकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. त्या वर्षी ती शहरात शिकत होती.

"बोललो," हिरुजी म्हणाले. "विहीर एकच होती."

"अन् आता?"

"आताबी एकच हाय."

आत्या हसली, पण ते हसणं ऐकवेना. शेजारच्या घरांतून चार-पाच माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. लखन उकिडवा बसला, मामाच्या डोळ्याला डोळा देऊन.

"मामा, माहा हात जामपाटीच्या भिंतीवर होता. आता पान्याखाली हाय. त्यावर कोनं फुंकलं?"

फुलाय आत्याने सूप खाली ठेवलं.

"मले मालूम हाय, समद्याईले मालूम हाय. पन मले तुह्या तोंडातून आयकायचं हाय. तू आमाले दारातून परत पाठोलं, तवा तू माहा कोन होता ते सांग. एक शबुद बोल, मी आत्ताच येतो थुंकायले. जामपाटी गेली तं गेली."

सुगरती हिरुजींजवळ सरकली. "आबा, बोला."

हिरुजींचे ओठ हलले.

"आबा, एक्केचाळीस घरं हायेत. आई हाय. एक शबुद, आबा! त्यानं काय होते? लखनदादा बावन्न वर्सांचा झाला, आता त्याले काय होते?"

हिरुजींनी लखनकडे पाहिलं. पाच वर्षांच्या पोराकडे पाहावं तसं, डोक्यापासून पायापर्यंत. मग त्यांनी तोंड फिरवलं. समोर दरी नव्हती, सौरपट्ट्यांचं सपाट चकाकतं रान होतं. तिकडे तोंड करून ते थोडा वेळ उभे राहिले आणि चालू लागले.

"आबा!" सुगरती धावली, त्यांचा दंड धरला, हलवला. "तुमी समद्याईले बुडवलं! तुमच्या त्या रीतीपाई!"

हिरुजी थांबले नाहीत आणि मागेही वळले नाहीत. खाटेजवळ पाण्याचा पेला भरलेला तसाच होता.

---

पुढचे पाच दिवस सुगरतीने करता येईल ते सगळं केलं. उरलेल्या आठ हातांतला एखादा बेठेकराने फुंकलेला असेल का, म्हणून ती घरोघर विचारत फिरली. पण मामा हा नेहमीच बाहेरचा, त्यामुळे कुठल्याच हातात सालईढाण्याचं कुणी असण्याची शक्यता नव्हती. सालईढाण्याच्या पुरुषांची थुंकी होती ती भाच्यांच्या हाताभोवती, जामपाटीच्या कपारीत. पाण्याखाली, पाच बांबूंच्या उंचीएवढ्या खोल. तिने पाणबुड्यांची चौकशी केली. वरच्या साहेबांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, त्यात तिच्या तळमळीचं कौतुक होतं.

वस्तीत मापं घेणारी माणसं आली आणि घरांच्या भिंतींवर निळ्या रंगाने आकडे टाकून गेली. मोतीराम म्हातारा आपल्या भिंतीवरच्या एकोणीस आकड्याकडे बघत म्हणाला, "हा रंग चांगला दिसते. रॉकेलनंबी नाई जायचा."

या वेळी कुणी हसलं नाही.

ती वडलांशी बोलत नव्हती. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन, दोघं एकमेकांना ओलांडून जात होती.

सातव्या दिवशी ती कचेरीत जाऊन बसली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. साडेपाचला खिडकी बंद होणार होती. चार वाजले, पाच वाजले. पाचघरेबाई दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्या. पाच वीसला शिपायाने पंखे बंद केले.

तेव्हा लखन आला. अंगावर कामावरचा निळा सदरा, चेहऱ्यावर धुळीचा थर. त्याने सुगरतीकडे पाहिलं नाही. थेट टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"थुंकायचं कुठी हाय?"

पाचघरेबाईंनी नळी पुढे केली, पण लगेच सोडली नाही. "जामपाटीचा दावा यानंतर संपतो. तुमच्या घरचं स्मशानही त्यातच आहे. समजलंय ना तुम्हाला?"

"समजलं."

"घरच्यांशी बोललात?"

"माय दोन दिसापासून माह्यासंग बोलत नाई. आता कवा बोलते, देव जाने."

त्याने नळीत थुंकी दिली, अंगठा उमटवला. बाईंनी अर्जातला रकाना वाचला. "सालईढाण्याशी तुमचा संबंध?"

लखनने अंगठ्याची शाई सदऱ्याला पुसली. "तिथल्या भिंतीवर आमची थुंकी हाय."

"आणि तिथे आत्ता राहतात ते?"

"ते राहतील तिथंच. लिहा."

सुगरती उठून टेबलापाशी आली. "दादा, आबा एक शबुदबी बोलले नाईत, तरी..."

"बोलला असता तं मी आलो नसतो," लखन म्हणाला. "मायनं तो पेला दाखोला मले. तसाच भरलेला. इतकं समदं जात होतं त्याचं, तरी माह्यावरचा श्वास त्यानं काढून घेतला नाई."

शिपायाने चहा आणला होता. लखनने कपाकडे पाहिलं, तो हलकेच मागे सरकवला आणि निघाला. जिना उतरताना त्याची पावलं ऐकू येत राहिली. ती कुठेही थांबली नाहीत.

---

महिन्याभराने हुकूम आला. माथा वाचला. दप्तरात सालईढाणा आता कास्देकरांचा आहे आणि बेठेकर तिथे त्यांच्या मर्जीने राहतात. वरचं तळं दुसऱ्या डोंगरावर गेलं. तिथे कुणाची घरं होती, ते सुगरतीने विचारलं नाही. जामपाटीची उरलेली शेतं प्रकल्पाच्या कुंपणात गेली. फुलाय आत्याने नवऱ्याच्या स्मृतीचा लाकडी खांब तिथून काढून आणायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. सुगरती दोनदा तिच्याकडे गेली. दोन्ही वेळा आत्या सूप घेऊन आत निघून गेली.

एका सकाळी हिरुजी कपारीत जायला निघाले. सुगरती न बोलावता मागोमाग गेली. भिंतीवर आठ हात होते आणि तीन जागी खरवडलेला, फिकट दगड. तिने हाताच्या आत पातं मुळीच लावलं नव्हतं. फक्त भोवतीचा रंग काढला होता. तरी हात गेले होते.

कपारीच्या तोंडातून खाली तळं दिसत होतं. हिरुजींनी त्याकडे बोट केलं.

"पोरी, मशीनचं तुले कळते. पान्याखाली रंग टिकते का?"

सुगरतीला उत्तर माहीत होतं. काचेसारखा पापुद्रा धरायला पन्नास-साठ वर्षं तरी लागतात. लखनचा हात पाण्याखाली गेला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. लाल माती पाण्यात विरघळत नाही, पण तिला दगडाशी धरून ठेवणारा डिंक विरघळतो. बारा वर्षांत तो केव्हाच सुटला असणार आणि रंग गाळ होऊन खाली बसला असणार. तिच्या मनात आलं, सोपं करून सांगावं. नुसतं हो म्हणावं.

ती त्यांच्याशेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. मातीचं, डिंकाचं, पाण्याचं. सावकाश, काहीही न गाळता.

हिरुजींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग त्याचा हात गेला."

"हो, आबा."

"भिंतीवरून गेला," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले, तोंडात काही धरून ठेवल्यासारखे, आणि तसेच, दरीकडे तोंड करून, बसून राहिले.